वास गेला म्हणजे वाफ गेली असं नाही

थिनरचा डबा उघडला की पहिल्या मिनिटात वास डोक्यात जातो. दहा मिनिटांनी तोच वास जेमतेम जाणवतो आणि आपण म्हणतो, चला, हवा मोकळी झाली. बहुतेक वेळा तोवर खोलीतली वाफ वाढलेली असते. थकलेलं असतं ते आपलं नाक. एकाच वासाचा मारा चालू राहिला की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणं सोडून देतं. गळक्या नळाची टपटप थोड्या वेळाने कानाला ऐकू येईनाशी होते, तसंच.

घरात आणि गाडीच्या कामात वापरल्या जाणाऱ्या थिनरसारख्या द्रावकांबद्दल, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांबद्दल, लोकांचे जे गैरसमज असतात, त्यातले निम्मे तरी या नाकावरच्या भरवशातून आलेले आहेत. उरलेले निम्मे डब्यावरच्या दिलासा देणाऱ्या शब्दांतून. त्यांच्याकडे नंतर येऊ.

शाळेत मीठ-पाण्याच्या प्रयोगात पाण्याला द्रावक म्हणायला शिकवतात. पण तेल, ग्रीस किंवा वाळलेला रंग यांच्यापुढे पाणी हात टेकतं. तिथे लागतात ती सेंद्रिय द्रावकं: टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, हेक्झेन, मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन, ट्रायक्लोरोइथिलीन आणि त्यांचे भाऊबंद. नावं परकी वाटली तरी वस्तू ओळखीच्या आहेत. रंग पातळ करायचं थिनर, जुना रंग उतरवायचं रिमूव्हर, नेलपॉलिश काढायचं पाणी, पत्र्याच्या डब्यातला पिवळा चिकट गोंद, स्प्रे पेंट, कपड्यावरचा डाग काढायचं औषध, जाड मार्कर पेन. गाडीकडे वळलात तर ब्रेक क्लीनर, कार्ब्युरेटर क्लीनर, डीग्रीझर, पंक्चर काढायचं सोल्यूशन, पुढची काच धुवायचं निळं पाणी, आणि अर्थातच पेट्रोल.

या सगळ्यांचे गुण दोनच. एक, ती चरबीसारख्या पदार्थांना विरघळवतात. दोन, ती चटकन उडून जातात, मागे ओल ठेवत नाहीत. म्हणून तर आपण ती विकत घेतो. आणि शरीराच्या दृष्टीने त्यांचे दोषही नेमके हेच दोन.

उडून जातात म्हणजे कुठे जातात, याचा एक हिशेब करून बघू. १०० मिलीलिटर टोल्युइन म्हणजे साधारण अर्धा कप, वजन सुमारे ८७ ग्रॅम. ते पूर्ण उडालं की नेहमीच्या तापमानाला त्याची जवळपास २३ लिटर वाफ होते. आता लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३ मीटर अशी बंद खोली घ्या. तिच्यात २७,००० लिटर हवा मावते. म्हणजे दहा लाख भाग हवेत टोल्युइनचे साडेआठशे भाग झाले. या मापाला पीपीएम म्हणतात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची सरकारी संस्था नायॉश ५०० पीपीएमच्या पुढची टोल्युइनची पातळी ‘जिवाला आणि आरोग्याला तात्काळ धोका’ या सदरात टाकते. रोज आठ तास काम करणाऱ्यासाठी तिथल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना फक्त २० पीपीएम सुचवते. खरी खोली अशी हवाबंद नसते आणि सगळं द्रावक एका क्षणात उडत नाही, हे खरं. पण माणूसही खोलीच्या मध्यभागी उभा राहून सरासरी हवा घेत नसतो. तो डब्यावर, टेबलावर, चाकाच्या ड्रमवर वाकलेला असतो, जिथे वाफ सगळ्यात दाट.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. टोल्युइनची तिपटीहून थोडी जास्त, डायक्लोरोमिथेनचीही जवळपास तेवढीच. खड्डा, तळघर, टाकी, गाडीखालची दुरुस्तीची चर अशा जागी ती पाण्यासारखी साचते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना रंग डायक्लोरोमिथेनने उतरवताना किमान १३ कामगार मरण पावल्याची नोंद आहे. लहानशी न्हाणी, त्यात टब, टबात वाकलेलं डोकं आणि टबात भरत चाललेली जड वाफ. यात कुणी फार मोठा निष्काळजीपणा केला होता असं नाही. ते रोजचंच काम करत होते.

गरगरणं म्हणजे अर्धी भूल

फुप्फुसांचा आतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर तो एखाद्या मोठ्या दिवाणखान्याएवढा भरतो. तिथून वाफ थेट रक्तात उतरते. पोटातून गेलेल्या गोष्टीची आधी यकृतात झडती होते. फुप्फुसातून गेलेलं रक्त हृदयातून तसंच मेंदूकडे जातं. मेंदूतलं पाणी वगळलं तर उरलेल्या भागात निम्म्याहून जास्त चरबीसारखे पदार्थ आहेत. चरबी आवडणाऱ्या रसायनाला यापेक्षा चांगलं घर कुठलं?

रंगकाम करताना डोकं हलकं होणं, गरगरणं, उगाच हसू येणं, जीभ जड होणं याला लोक ‘वास चढला’ म्हणतात. वैद्यकीय भाषेत ती भूल चढण्याची पहिली पायरी आहे, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही. १८४६ साली बोस्टनच्या रुग्णालयात ज्या ईथरने शस्त्रक्रियेच्या भुलेचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तेच डायइथिल ईथर आजही थंडीत न उठणाऱ्या इंजिनात मारायच्या स्टार्टिंग स्प्रेमध्ये असतं. धातूवरचं ग्रीस काढणारं ट्रायक्लोरोइथिलीन विसाव्या शतकात कित्येक वर्षं भूल द्यायला, बाळंतपणाच्या कळा सुसह्य करायला वापरलं गेलं. फरक इतकाच की शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा मोजणारा डॉक्टर उशाशी असतो. गॅरेजमध्ये मात्रा कुणीच मोजत नाही, आणि भूल चढलेल्या माणसाला आपल्याला भूल चढते आहे हे कळत नाही. दार उघडायला उठावं हा विचारच त्याच्या डोक्यात येत नाही.

याच ओघात हृदयाबद्दल सांगायला हवं. घाबरल्यावर किंवा धावताना अंगात ॲड्रेनालिन हे संप्रेरक सुटतं; काही द्रावकं हृदयाला त्याच्या बाबतीत हळवं करून सोडतात. अशा वेळी माणूस दचकला, घाबरला, धावला, तर ठोके अचानक बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. स्प्रे किंवा गोंद हुंगण्याच्या व्यसनातून तरुण मुलांचे झालेले असे शंभराहून अधिक मृत्यू १९७० साली एका अमेरिकी डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पहिल्यांदाच हुंगणाऱ्यालाही हा धोका असतो. म्हणून मुलगा पिशवीत तोंड घालून हुंगताना सापडला तर त्याच्यावर ओरडू नका, त्याचा पाठलाग तर मुळीच करू नका. शांतपणे त्याला मोकळ्या हवेत बसवा, सोबत राहा आणि वैद्यकीय मदत मागवा. रागवायला नंतर वेळ आहे.

यकृत करायला जातं एक

भुलेचा परिणाम वाफ थांबली की बराचसा ओसरतो. खरं नुकसान पुष्कळदा नंतर, आणि आपल्याच शरीराच्या हातून होतं. शरीरात शिरलेला परका पदार्थ पाण्यात विरघळेल असा करून लघवीवाटे बाहेर काढणं हे यकृताचं काम. बहुतेक वेळा ते चोख होतं. पण काही द्रावकांच्या बाबतीत मूळ पदार्थापेक्षा मधल्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थच जास्त जहाल निघतो.

डायक्लोरोमिथेनचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतं. होय, बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपल्यावर माणसं मारतो तोच वायू, इथे रक्तातच तयार होणारा. चरबीत साठलेलं द्रावक हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे काम थांबवून बाहेर आल्यानंतरही काही तास रक्तातला कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतो. हृदयविकार असलेल्या माणसाला तेवढं पुरेसं असतं. काच धुवायच्या पाण्यातल्या मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालतं. गाडीच्या कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलपासून ऑक्झॅलेट तयार होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकून बसतात. बेन्झिनपासून तयार होणारे पदार्थ हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत, जिथे रक्त तयार होतं तिथे, जाऊन बसतात. बेन्झिनचा हा उद्योग नवा नाही. सायकलचे टायर बनवणाऱ्या स्वीडनमधल्या कामगार मुलींमध्ये रक्त बनणंच थांबल्याची नोंद १८९७ सालची आहे. पुढे रक्ताच्या कर्करोगाशी त्याचं नातं पक्कं झालं. आता घरगुती वस्तूंतून बेन्झिन जवळपास हद्दपार झालं आहे, पण पेट्रोलमध्ये ते थोडं उरलेलंच आहे. पेट्रोलने हात धुणाऱ्या मेकॅनिकने हे वाक्य पुन्हा वाचावं.

हेक्झेनची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे.

ब्रेकच्या भागांवरचं तेल झटकन उडवणारे जुने स्प्रे क्लोरीनयुक्त द्रावकांचे असत. त्यांचे धोके पुढे आले, निर्बंध येऊ लागले, तेव्हा उत्पादकांनी ‘क्लोरीनविरहित’ स्प्रे आणले. क्लोरीन गेलं, त्याच्या जागी अनेक स्प्रेंमध्ये हेक्झेन आलं. १९९९-२००० च्या सुमारास कॅलिफोर्नियात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. आधी बोटं बधिर, मग ती बधिरता मनगटाकडे आणि घोट्याकडे सरकणारी, मग पकड सैल होणं. शरीरात हेक्झेनचं जे रूपांतर होतं, त्या पदार्थाला हेक्झेनडायोन म्हणतात. मज्जातंतूच्या आत आधाराला असलेले प्रथिनांचे बारीक धागे तो एकमेकांना चिकटवून टाकतो. लांब तंतूंमधली ये-जा तुंबते. पायाची बोटं मणक्यापासून सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून. स्प्रे बंद केल्यावरही काही आठवडे त्रास वाढतच राहतो, आणि बरं व्हायला महिने, कधी वर्षं लागतात.

यात आणखी एक मेख आहे. ॲसिटोन एकट्याने तसं सौम्य समजलं जातं. शरीर स्वतःही थोडं ॲसिटोन बनवतं. पण हेक्झेनच्या सोबतीला ॲसिटोन असेल तर मज्जातंतूंवरचा मार वाढतो. प्रत्येक घटकाची मर्यादा वेगवेगळी तपासली, सगळ्या मर्यादा पाळल्या गेल्या, तरी डब्यातलं मिश्रण घातक ठरू शकतं ते असं. आणि दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक डबा मिश्रणाचाच असतो.

वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाण्याबद्दल थोडक्यात. आयुष्यभर द्रावकांच्या वाफेत काम केलेल्या रंगाऱ्यांमध्ये विसराळूपणा, चिडचिड, लक्ष न लागणं असं एक चित्र उत्तर युरोपातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ओळखलं. टोल्युइन आणि स्टायरीन कानालाही इजा करतात, आणि गोंगाटाच्या जोडीने जास्तच. ट्रायक्लोरोइथिलीन मूत्रपिंडाचा कर्करोग घडवतं, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली काढला. अमेरिकेच्या कॅम्प लजून या लष्करी तळावर १९५३ पासून तीन दशकांहून अधिक काळ पिण्याच्या पाण्यात हेच द्रावक मिसळलेलं होतं. तिथे राहिलेल्या सैनिकांमध्ये पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, धोका असं पाणी नसलेल्या तळावरच्या सैनिकांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असल्याचं २०२३ च्या अभ्यासात दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ट्रायक्लोरोइथिलीनचे सगळे वापर बंद करण्याचा नियम जाहीर केला.

डब्यावरचे शब्द

डब्यावरचा दिलासा देणारा शब्द खोटा नसतो. तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो, एवढंच.

‘ज्वलनशील नाही’ असं ब्रेक क्लीनरवर लिहिलं असेल तर आग लागणार नाही हे खरं. पण न जळण्याचं कारण बहुधा त्यातलं क्लोरीन असतं. अशा द्रावकाने पुसलेल्या, अजून ओलसर असलेल्या धातूवर वेल्डिंग केलं की उष्णतेने आणि आर्कच्या अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जिन हा वायू बनू शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला होता तोच. तो श्वासात गेल्यावर माणूस काही तास ठीकठाक हिंडतो-फिरतो आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. ‘क्लोरीनविरहित’ लिहिलं असेल तर हे संकट टळलं, पण आता डबा भडका उडवणारा आहे आणि आत हेक्झेन आहे का ते बघायला हवं. ‘नैसर्गिक’, ‘लिंबू-संत्र्यापासून’ म्हणजे लिमोनिन, या फळांच्या सालीतलं द्रावक. ते वरच्या कित्येकांपेक्षा बरं, पण हवा लागून जुनं झालं की त्वचेला ॲलर्जी देतं. टर्पेंटाइनही पाइनच्या झाडाचंच असतं, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

आणि ‘वासरहित’. मला हा शब्द सगळ्यात अवघड वाटतो. जास्त वास मारणारे घटक काढून टाकल्याने अशी थिनरं खरोखर कमी विषारी असतात. पण वाफ होतेच, आणि तिची खबर देणारं नाक आता पहिल्या मिनिटापासूनच गप्प. उलट बाजूने डायक्लोरोमिथेन बघा. त्याचा गोडसर वास बऱ्याच लोकांना २०० पीपीएमच्या आसपास येऊ लागतो, आणि अमेरिकेतल्या कारखान्यांसाठीची आठ तासांची जुनी मर्यादाच २५ पीपीएमची होती. वास येईपर्यंत थांबलात तर मर्यादेच्या आठपट पुढे गेलेले असता.

मग वाचायचं काय? डब्याच्या मागची बारीक अक्षरातली घटकांची यादी. ती अपुरी वाटली तर उत्पादकाचं सुरक्षितता माहितीपत्रक बहुधा नेटवर मिळतं. डायक्लोरोमिथेनला तिथे मिथिलीन क्लोराइडही म्हणतात, आणि ब्रेक क्लीनरमध्ये सापडणाऱ्या पर्क्लोरोइथिलीन या क्लोरीनयुक्त द्रावकाला टेट्राक्लोरोइथिलीन. दोन नावांमुळे फसायला होतं.

मास्क, हातमोजे आणि खिडकी

धूळ अडवणारा कापडी, कागदी किंवा एन-९५ मास्क इथे शून्य कामाचा. तो कण अडवतो, वाफ त्यातून सरळ जाते. वाफेसाठी सक्रिय कोळसा असलेली, सेंद्रिय वाफेची म्हणून विकली जाणारी डबी लागते, आणि तीही काही तासांत भरते. डायक्लोरोमिथेनपुढे तर ती फारच लवकर हार मानते. हातमोज्यांचंही तसंच. पातळ लॅटेक्सचे मोजे बहुतेक द्रावकांपुढे टिकत नाहीत. निळे नायट्राइलचे पेट्रोल, हेक्झेनला बऱ्यापैकी चालतात. ॲसिटोन आणि डायक्लोरोमिथेन त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. मोजा फाटलेला दिसत नाही, पण आतला हात थंड लागू लागतो. तो थंडावा म्हणजे आत शिरलेलं द्रावक उडतंय.

म्हणून सगळी मदार हवेवर. काम अंगणात, गच्चीवर, उघड्यावर करता आलं तर प्रश्नच मिटला. वारा बाजूने येईल असं उभं राहायचं. आतच करायचं असेल तर समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघड्या, आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा खिडकीत. छताचा पंखा लावून काही साधत नाही. तो खोलीतली तीच वाफ ढवळत राहतो. भिजलेली फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकली की ती रात्रभर घरात वाफ सोडतात. जवसाच्या तेलाची फडकी तर आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणबंद पत्र्याच्या डब्यात ठेवायची. अर्धवट वापरलेले डबे झोपायच्या खोलीत नकोत, आणि गॅरेज घराला लागून असेल तर मधलं दार बंद हवं. रंग उतरवायचा असेल तर आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: खरवडून किंवा पाण्यात मिसळणाऱ्या रिमूव्हरने जमणार नाही का? अनेकदा जमतं, फक्त वेळ जास्त लागतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून खरवडताना मात्र पृष्ठभाग ओला ठेवायचा.

आता सगळ्यात वाईट प्रसंग, पोटात जाण्याचा. तो जवळजवळ नेहमी एकाच सवयीतून येतो: मोठ्या डब्यातलं थोडं द्रावक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवणं. काच धुवायचं पाणी निळं असतं, कूलंट चवीला गोड. मुलाला आणखी काय हवं? मोठी माणसं नळीने पेट्रोल ओढताना गिळतात. अशा वेळी घरचा पहिला उपाय असतो मीठपाणी पाजून उलटी काढणं, आणि तोच घात करतो. ही द्रावकं इतकी पातळ असतात की उलटीसोबत त्यांचे थोडे थेंब श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसात पसरतात, आणि न्यूमोनियासारखी सूज येते. पोटातल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसातलं पेट्रोल कितीतरी जास्त धोक्याचं. उलटी काढायची नाही, तोंड धुवायचं, अंगावर सांडलेले कपडे उतरवायचे आणि रुग्णालय गाठायचं.

रुग्णालयात जाताना डबा सोबत न्या, निदान लेबलचा फोटो तरी. ‘थिनर प्यायला’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. मिथेनॉल आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्यावर उतारा आहे: फोमेपिझोल नावाचं औषध किंवा डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेलं साधं अल्कोहोल. दोन्ही यकृताला गुंतवून ठेवतात, म्हणजे विष बनण्याची क्रियाच थांबते. पण विष बनून झाल्यावर देण्यात फारसा अर्थ उरत नाही. आणि मिथेनॉल घेतलेला माणूस पहिले बारा ते चोवीस तास पुष्कळदा नुसता किंचित झिंगल्यासारखा दिसतो. ‘आता बरा आहे, झोपू दे’ म्हणून घरी ठेवला, तर सकाळी त्याला खिडकीबाहेर बर्फ पडल्यासारखं सगळं पांढुरकं दिसू लागलेलं असतं.